झटपट रताळं आणि व्हर्नेटा बुलक

व्हर्नेटा बुलकला लहानपणापासून एक खोड होती. कुठलीही वस्तू चालताना दिसली की ती कशाने चालते हे कळेपर्यंत तिला चैन पडायचं नाही. रविवारच्या शाळेत तिने एकदा पाद्रीबाबांना विचारलं होतं, नोहाने नावेत सगळ्या प्राण्यांच्या जोड्या घेतल्या, मग माशांचं काय? ते तर बाहेर मजेत पोहत होते, म्हणजे त्यांना शिक्षा झालीच नाही का? पाद्रीबाबांनी तिच्या हातावर पेपरमिंटची गोळी ठेवली आणि घाईघाईने पुढचा धडा काढला. गोळी चघळत तिने शेजारच्या मुलीला विचारलं, "हे तोंडात गार का लागतं गं?"

तिच्या आईचं नाव क्वीन एस्थर अॅरिंग्टन. कृष्णवर्णीयांची सगळी वस्ती तिला आदराने मिस क्वीन म्हणायची, आणि चालणंही तसंच होतं तिचं, मान ताठ, हातात पाकीट, भर उन्हाळ्यातही हातमोजे. चर्चच्या जेवणावळीत मिस क्वीनची भाजलेली रताळी आली की बाकीच्या बायका आपापली भांडी जरा मागे सरकवायच्या. सालीतून पाक बाहेर येऊन त्याचे काळसर, चिकट ओघळ झालेले असायचे. कशी करता म्हणून कुणी विचारलं तर ती म्हणायची, "ओव्हनमध्ये ठेवते आणि त्यांच्या वाटेला जात नाही."

व्हर्नेटाची शाळा तंबाखूच्या हंगामांनी खाल्ली. पुढे लिनवुड बुलकशी लग्न झालं. लिनवुड ओंडक्यांचा ट्रक चालवायचा, मोजकं बोलायचा आणि बायकोच्या प्रश्नांना "असेल" एवढंच उत्तर द्यायचा. आई अंगणापलीकडच्या जुन्या घरात एकटी राहायची. व्हर्नेटा रताळ्यांच्या शेडमध्ये कामाला होती. धुतलेली रताळी फिरत्या पट्ट्यावरून यायची, ती लहान, मोठी, वाकडी, फावड्याने कापलेली अशी वेगळी करायची. नॅश काउंटी या जिल्ह्यातल्या निम्म्या बायकांनी हे काम कधी ना कधी केलेलं आहे, आणि त्यांतल्या बहुतेकींना घरी गेल्यावर रताळ्याचं तोंड बघावंसं वाटत नाही. व्हर्नेटाला मात्र ते रोज काहीतरी नवीन वाटायचं. एकाच वेलाला आलेली दोन रताळी, एक गोड, एक मचूळ, असं का? पट्ट्यावर तिच्यासमोर उभी असणारी ड्रुसिला म्हणायची, "अगं बाई, ते रताळं आहे, साक्षीदार नाही. सोड त्याला."

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या शरद ऋतूतली. गावात मिस्टर रिक्स यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. त्या वर्षी त्यांनी मायक्रोवेव्हच्या काही पेट्या मागवल्या, लाकडासारखा रंग दिलेल्या, दोन माणसांनी उचलाव्या इतक्या जड. त्या खिडकीत तशाच पडून होत्या. कुणी म्हणे तिच्यासमोर उभं राहिलं की रक्त आटतं, कुणी म्हणे तिच्यात शिजवलेलं पोटात गेल्यावरही शिजत राहतं. लोक काचेबाहेरून बघायचे आणि पुढे जायचे. व्हर्नेटा तेवढी दर शुक्रवारी आत जायची, दार उघडायची, मिटायची, मागची जाळी बघायची.

"आग कुठे आहे हिच्यात?" तिने विचारलं.

"आग नाहीच."

"मग तापतं कशाने?"

"लहरींनी."

"कसल्या लहरी? रेडिओसारख्या? मग रेडिओजवळ ठेवलेलं लोणी का वितळत नाही, मिस्टर रिक्स?"

रिक्स यांनी हात टेकले. "व्हर्नेटा, तू घेत तर काही नाहीस. निदान विकून तरी दे. एक पेटी घरी ने, शिकून घे, आणि थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी इथे बायकांना करून दाखव. तुझं ऐकतील त्या. माझ्याकडे बघून त्यांना वाटतं मी फसवतोय."

"तसं तर मलाही वाटतं," व्हर्नेटा म्हणाली, आणि पेटी ट्रकवर चढवायला लिनवुडला बोलवायला गेली.

करून दाखवायचं ते रताळंच, हे तिने वाटेतच ठरवलं. थँक्सगिव्हिंगला रताळं नसलेलं घर या भागात सापडणार नाही, आणि मिस क्वीनच्या मुलीने दुसरं काही शिजवलं असतं तर लोकांनी विचारलं असतं की काय झालं.

पहिल्या दिवशी तिने शेडमधली, काढणीनंतर उबेत ठेवून चांगली मुरवलेली, नारिंगी गराची रताळी आणली, काट्याने टोचली, आत ठेवली आणि वेळेची चकती फिरवली. दिवे मंद झाले. बाहेरच्या खोलीत लिनवुडच्या टीव्हीवरचं चित्र आक्रसलं. "असेल," तो आतून म्हणाला, कुणी काही विचारलेलं नसतानाही. व्हर्नेटा काचेला नाक लावून बघत राहिली. आत काहीच घडत नव्हतं. रताळं नुसतं दिव्याखाली बसलेलं. मग एकदम सालीतून वाफेची शीळ आली, टिंग वाजलं, आणि एवढ्याशा वेळात, कॉफी उकळायला लागेल तेवढ्यात, रताळं शिजलेलं होतं. ती दोन पावलं मागे सरली आणि मोठ्याने हसली.

मिस क्वीनला बोलावणं गेलं. ती आली, पण उंबरठ्याच्या आत पाऊल टाकीना. "ती पेटी बंद आहे का?"

"बंद आहे, आई."

"वायर काढ."

वायर काढली. मिस क्वीनने ओसरीवरच्या खुर्चीत बसून, मांडीवर रुमाल पसरून एक घास घेतला. बराच वेळ चावला. एक टोक दगडासारखं, मधला भाग दोरे निघाल्यासारखा. "शिजलंय," ती म्हणाली, "पण रताळं झालं नाही अजून."

आता व्हर्नेटाला झोप कुठली येते! दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तिने ड्रुसिलाचं डोकं खाल्लं. तेच पोतं, तेच रताळं, मग ओव्हनमधलं गोड आणि यातलं फिकं, हे कसं?

"घाईत केलेलं काय गोड लागलंय आजवर?" ड्रुसिला म्हणाली. "माझ्या पहिल्या नवऱ्याचंच बघ."

"पण कारण काय?"

"कारण तो मूर्ख होता."

"रताळ्याचं विचारतेय मी!"

त्या आठवड्यात बुलकांच्या घरी रोज रताळीच शिजली. टोक वाळू नये म्हणून व्हर्नेटाने ओल्या कागदी रुमालात गुंडाळून बघितलं, ते जमलं. एक बाजू कच्ची राहते म्हणून मध्येच दार उघडून ती उलटं करायला लागली, तेही जमलं. बाहेर काढल्यावर लगेच न कापता जाड फडक्यात लपेटून थोडं बसू दिलं की दोरे मऊ होतात, हेही कळलं. आता गर लोण्यासारखा झाला, पण गोडी येईना. काउंटीच्या गृहशिक्षण खात्यातल्या मिसेस लँगली शेडमध्ये बायकांना लोणची घालायला शिकवायच्या. त्यांना तिने गाठलं. मिसेस लँगलींनी पेन कानावर खोचून विचार केला. "नवल आहे. मी कधी विचारच नाही केला याचा. राले शहरातल्या कॉलेजात माझी एक मैत्रीण हेच शिकवते, तिला फोन करते."

तोवर थांबवेना. व्हर्नेटाला वाटलं, खरी तुलना करायची तर ओव्हनमधलं रताळं आपल्या हातचं नको, आईच्या हातचं हवं. रविवारी चर्चहून आल्यावर ती परडीत रताळी घेऊन अंगण ओलांडून गेली.

"आई, दोन भाजून दे ना. माझ्या पेटीतल्याशी ताडून बघायचीत."

"आज दमलेय मी."

"मी धुते, मी ठेवते, तू फक्त सांग."

"मला आताशा रताळी आवडत नाहीत," मिस क्वीन म्हणाली आणि हातमोजे काढायला लागली. एकेक बोट, सावकाश.

हे वाक्य व्हर्नेटाने गेल्या वर्षभरात कितीतरी वेळा ऐकलं होतं. म्हातारपणी जिभेची चव जाते, असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं. आज तिने ओव्हनचं दार उघडलं. आत तवे आणि पातेली रचून ठेवलेली. वरती काडेपेटी, न फोडलेली. आणि शेगडीच्या बाजूला, कुणी लावणार नाही इतक्या खाली, गावातल्या अंत्यविधीवाल्यांनी जाहिरात म्हणून फुकट वाटलेलं कॅलेंडर टांगलेलं. एवढ्या खाली कशाला, म्हणून तिने ते उचलून बघितलं. मागे भिंत होरपळलेली होती. तपकिरी, पंख्याच्या आकाराची.

"हे काय गं?"

मिस क्वीनने दुसरा हातमोजा काढायला घेतला.

"आई?"

"जानेवारीत झालं ते," शेवटी ती म्हणाली. "गॅस सोडला आणि काडी सापडेना. सापडली तेव्हा पेटवली. भस्सकन जाळ आला बाहेर. भुवया गेल्या माझ्या."

व्हर्नेटा खुर्चीत बसली. त्या हिवाळ्यात आईने पेन्सिलने भुवया काढायला सुरुवात केली होती आणि व्हर्नेटा स्वतः सगळ्यांसमोर म्हणाली होती, बघा, मिस क्वीनला या वयात नखरे सुचताहेत. आई तेव्हा सगळ्यांबरोबर हसली होती.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी तू मला उचलून तुझ्या घरी नेलं असतंस. तुझ्याकडे मला खुर्ची मिळेल, व्हर्नेटा. इथे माझं स्वयंपाकघर आहे."

"पण चूल तर पेटवतच नाहीस तू!"

"आहे ना पण."

"मग दुपारी खातेस काय? मी शेडवर असते तेव्हा?"

"मक्याचा पाव. ताकात कुस्करून. नाहीतर डब्यातली पीच."

"रोज? जानेवारीपासून? गार?"

"ताक काय गरम पितात?" मिस क्वीन म्हणाली. आवाजात तोच ताठा होता, पण काडेपेटी तिने उचलून लांब, खिडकीत ठेवली.

व्हर्नेटाला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. जगातल्या प्रत्येक यंत्राच्या पोटात डोकावणारी बाई, आणि आई रताळं का खात नाही एवढं एक विचारायचं तिला सुचलं नव्हतं. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नकोस. परत आल्यात भुवया. बघ, डावी तर आधीपेक्षा दाट आलीय."

संध्याकाळी लिनवुड आणि व्हर्नेटाने मिळून पेटी उचलून अंगणापलीकडे नेली. त्याआधी त्याने आईच्या शेगडीचा गॅस बंद करून नळीच काढून टाकली, मात्र शेगडी जागची हलवली नाही. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मिस क्वीन दाराशी उभी. "तिच्यातून माझ्या हाडांत काही शिरलं तर?"

"दार उघडलं की ती आपोआप बंद पडते. हे बघ." व्हर्नेटाने चार वेळा दार उघडून दाखवलं.

"आणि तो आतला उजेड? जाळच ना तो?"

"नुसता दिवा आहे. तुला दिसावं म्हणून."

"काडी?"

"काडी नाही, वास नाही, वाकायचं नाही. चकती फिरव."

मिस क्वीनने हातमोजे घातले आणि चकती फिरवली. मग खुर्ची ओढून काचेसमोर बसली, टीव्हीसमोर बसावं तशी. "हे तर नुसतंच बसलंय," ती थोड्या वेळाने म्हणाली. आणि जरा वेळाने, "हललं का गं ते? शीळ कोण घालतंय?" टिंग वाजलं तेव्हा ती दचकली, आणि मग मुलीकडे बघून अगदी लहान पोरीसारखी खुदकन हसली.

सोमवारी व्हर्नेटा कामावरून आली तेव्हा आईच्या टेबलावर तीन रताळ्यांच्या साली होत्या.

"तीन?"

"एक कच्चं राहिलं, एक फार झालं, एक जमलं. तिन्ही खाल्ली."

"गोड लागलं?"

"नाही. काकवी घातली. तू फार विचार करतेस."

उत्तर बुधवारी आलं. मिसेस लँगली जेवणाच्या सुट्टीत शेडच्या फाटकाशी गाडी थांबवून धावतच आल्या. त्यांना स्वतःलाच इतकं नवल वाटत होतं की गाडीचं दार उघडंच राहिलं. "रताळ्यात एक रस असतो, व्हर्नेटा. ते सावकाश तापायला लागलं की तो रस आतल्या पिठाची साखर करतो. पण फार तापलं की तो मरतो. ओव्हनमध्ये त्याला भरपूर वेळ मिळतो. तुमची पेटी त्याला काम सुरू करायच्या आधीच मारून टाकते!"

व्हर्नेटाने दोन्ही हात डोक्याला लावले. "म्हणजे गोडी आत नसतेच! ती तिथे तयार होते!"

"म्हणजे रताळ्यालासुद्धा निवांत वेळ लागतो," ड्रुसिला सँडविच खात म्हणाली. "आणि आपल्याला मात्र सुट्टी संपल्याचा भोंगा."

त्याच संध्याकाळी व्हर्नेटाने गोठवलेलं मटण वितळवायचं पेटीवरचं बटण दाबून रताळं मंद तापवलं, आणि नंतर थोडा वेळ पूर्ण जोरावर. खरंच जास्त गोड झालं! ओव्हनइतकं नाही, पण काकवीवाचून खावं इतपत. मात्र वेळही चांगलाच गेला.

"झटपट म्हणून आणलीस ना ही?" मिस क्वीन म्हणाली. "मग ओव्हनने काय घोडं मारलं होतं?"

आणि शनिवार तर येऊन ठेपला.

दुकानात बायका दाटीवाटीने उभ्या होत्या, शेडमधल्या, चर्चमधल्या, शेतांवरच्या गोऱ्या बायकाही. मिस्टर रिक्स टाय लावून कोपऱ्यात. व्हर्नेटाने एक रताळं पेटीत झटपट केलं, आणि एक पहाटे स्वतःच्या ओव्हनमध्ये भाजलेलं फडक्यात गुंडाळून आणलं होतं. दोन्हींचे तुकडे तिने ताटलीत मांडले आणि म्हणाली, "खाऊन सांगा."

रिक्स यांचा चेहरा उतरला. ते तिच्या कानाशी आले. "तू माझी पेटी विकतेयस की पुरतेयस?"

"त्या काय मूर्ख आहेत, मिस्टर रिक्स? घरी गेल्यावर कळणारच ना."

बायकांनी खाल्लं. एकमेकींकडे बघितलं. ओव्हनमधलं चांगलं, हे सांगायला कुणी नको होतं. व्हर्नेटाने त्यांना त्या रसाची गोष्ट सांगितली आणि त्या माना डोलावत ऐकत राहिल्या, पण पाकिटाकडे हात कुणाचा जाईना. टोपी घातलेल्या एका बाईने शेवटी विचारलंच. "मिस क्वीन, तुम्हीच सांगा. तुमच्या ओव्हनसारखं होतं का यात?"

मिस क्वीन पुढच्या खुर्चीत बसली होती. "नाही," ती म्हणाली.

हशा पिकला. रिक्स यांनी डोळे मिटून घेतले.

"मग कशाला घ्यायची?"

मिस क्वीनने मान वळवली. मुलीकडे बघितलं. मग म्हणाली, "मी गेल्या हिवाळ्यापासून दुपारचं गार जेवत होते. ओव्हनची भीती बसली म्हणून. कुणाला सांगितलं नाही. आता दुपारी भूक लागली की मी एक रताळं ठेवते, लोणी घालते आणि गरम गरम खाते. घरात कुणी नसतं, कुणाला हाक मारावी लागत नाही. गोड तितकंसं नसतं. पण गरम असतं, आणि माझं मी केलेलं असतं."

 मागच्या बाजूला उभी असलेली एक बाई, जिची सासू अशीच एकटी राहायची, हळूच म्हणाली, "आमच्या आईंनाही आताशा सूप आवडत नाही म्हणे." आणि ती तशीच विचारात पडली.

मग ड्रुसिलाचा आवाज आला. "आणि रताळ्याच्या गोड पाईसाठी? पाईमध्ये आपण साखर ओततोच की पिशवीभर! तिथे कशाला हवी रताळ्याची स्वतःची साखर? उकडायचा अर्धा दिवस वाचेल."

एकदम गलका झाला. पाईला रताळं उकडून घ्यावं की भाजून, यावर दोन तट पडले, आणि त्या भांडणातच दोघींनी रिक्स यांना हप्त्यांबद्दल विचारलं. ख्रिसमसपर्यंत खिडकी रिकामी झाली. सूप न आवडणाऱ्या सासूची सून त्यांत पहिली होती.

व्हर्नेटाने मोबदला म्हणून आईकडची पेटी ठेवून घेतली. मिस क्वीन पुढे बरीच वर्षं आपल्याच घरात राहिली. चर्चच्या जेवणावळीला आता ती मुलीच्या ओव्हनमध्ये रताळी भाजायची. संध्याकाळी अंगण ओलांडून यायची, व्हर्नेटाने ओव्हन पेटवेपर्यंत बाहेर ओसरीवर थांबायची, मग आत येऊन सगळा ताबा घ्यायची. दुपारी मात्र तिची पेटी आणि ती. शेवटच्या आजारपणातही तिने एकदा लिनवुडला विचारलं होतं, या लहरी पेटीच्या भिंतीतून बाहेर का जात नाहीत? लिनवुड म्हणाला, "जात असतील," आणि मग घाबरून, "नाही, नाही जात."

रिक्स यांनी व्हर्नेटाला शनिवारी कायमचं बोलावलं. शेडमधलं काम सुटलं नाही, पण शनिवारी ती दुकानात असायची, आणि लोक काही घ्यायचं नसलं तरी तिला काही ना काही विचारायला यायचे. एका पावसाळी सकाळी एक तंबाखूवाला शेतकरी चिखलाने माखलेला आत आला, पेटीसमोर उभा राहिला आणि टोपी काढून म्हणाला, "बाई, हिच्यात ओले मोजे वाळतात का?"

व्हर्नेटाने पेटीकडे बघितलं. मग त्याच्या पायांकडे.

"माहीत नाही," ती म्हणाली. "एक काढा."

"व्हर्नेटा!" मिस्टर रिक्स गल्ल्यामागून ओरडले.